केराची ओळ आधी

बाई काम लिहिण्याआधी केर काढण्याची व्यवस्था लिहीत. साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात तेव्हा युनिक्सचं एक मशीन होतं आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं. मशीनने एकामागून एक काय करायचं ते ओळीने लिहून द्यावं लागे, त्याला स्क्रिप्ट म्हणत. दुसरा कोणीही स्क्रिप्ट लिहायला बसला की थेट कामाला हात घालायचा: ही यादी घे, अशी लाव, छाप. बाईंच्या पहिल्याच ओळीत असायचं, की काम संपलं किंवा मधेच कोणी थांबवलं, तर मागे उरलेल्या कच्च्या फायली पुसून टाक. "घर बांधताना मोरी आधी ठरवतात, दिवाणखाना मागून," असं त्या म्हणत. "आणि वीज गेली तर हो, बाई?" असं कोणी चिडवायला विचारलं, तर म्हणत, "तिथे माझा इलाज नाही. तुमच्या साहेबांनाही विजेशी घासाघीस करता येत नाही." आम्ही त्यांना केरवाल्या बाई म्हणायचो. तोंडावर नुसतं बाई.

साहेब म्हणजे मी. माझा बाईंवर राग आहे आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी घाटकोपरच्या चाळीत वाढलो. छपाईचा कागद खांद्यावरून पोचवण्यापासून सुरुवात करून गाळ्यापर्यंत आलो. कारखान्यांच्या याद्या, हजेरीपत्रकं, पत्ते असलं काम आम्ही मशीनवर करून द्यायचो. गाळा, मशीन, पंखा, माणसं, काहीही मी पहिल्या भावाला घेतलेलं नाही. फक्त बाई घेतल्या. त्या मुलाखतीला आल्या, एकच आकडा बोलल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मी अर्धा तास बोललो. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमचं झालं असेल तर उद्यापासून येऊ का?"

त्या मुलुंडला राहत, आजारी वडिलांबरोबर. लग्न केलं नव्हतं. सरकारी संशोधन संस्थेत बरीच वर्षं मशीनवर काम केलं होतं आणि वडिलांसाठीच ते सोडलं होतं. घाटकोपरला उतरून बसने येत, येताना बसमध्ये स्वेटर विणत. मुंबईत कोण घालणार तो स्वेटर, असं मी एकदा विचारलं. "मला विणायचा असतो. घालायचं त्यांचं ते बघतील," म्हणाल्या.

कच्च्या फायलींचं त्यांना एवढं काय, हे मला सुरुवातीला कळत नसे. मोठी यादी लावताना मशीन मधला मजकूर कुठेतरी ठेवतं, आपण हिशेबाच्या कडेला आकडे खरडतो तसं. पक्की यादी छापली की त्या खरडण्याला किंमत नाही. बाकीचे त्या फायलीला सुचेल ते नाव देत. बाई मशीनने त्या वेळच्या कामाला दिलेला नंबर नावाला जोडत, म्हणजे दोन कामं एकदम चालली तरी नावं वेगळी. तेवढ्यावरही त्यांचं समाधान नव्हतं. त्या नावाचा एक स्वतंत्र कप्पा आधी उघडायचा, तो आधीच कोणी उघडलेला असेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं, पुढे एक पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम.

"आधी बघायचं कप्पा आहे का, नसला तर उघडायचा. त्यात एवढं काय?" असं मी एकदा म्हणालो.

"चाळीत वाढलात ना? नळावर डोकावलात, रांग मोकळी दिसली, हंडा आणायला घरात गेलात. येईपर्यंत?"

"दुसरीने लावला."

"मग? बघणं आणि लावणं एकाच हालचालीत व्हायला हवं. कप्पा उघडताना तसं होतं. उघडला तर आपला. नाही उघडला तर दुसऱ्याचा. भांडण नाही."

आमच्या चाळीत या एका गोष्टीवरून डोकी फुटलेली मी पाहिली होती. मला ते पटलं. पण मी तसं बोललो नाही, कारण पगारवाढीचे दिवस होते.

त्या कप्प्याला त्या कुलूपही घालत. म्हणजे ज्याचं काम त्यालाच आतलं वाचता येईल, अशी ओळ असे. एकदा एका गिऱ्हाइकाचा माणूस आमच्याकडे बसला असताना दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फायली चाळू लागला आणि त्याच्या हाती काही लागेना. तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला! बाई म्हणाल्या, "कच्चं असलं तरी लोकांचंच आहे. आपण शिजवताना झाकण ठेवतो ना?"

त्यांच्याकडे पाठकोऱ्या कागदांची शिवलेली एक वही होती. कुठल्या कंपनीचं मशीन कसं वागतं ते त्यात लिहिलेलं. एक मशीन बंद करून चालू केलं की तात्पुरत्या फायलींची सगळी जागा धुऊन काढी. दुसऱ्यावर ती जागा इतकी चिंचोळी की मोठी यादी मावत नसे. तिसरं मशीन फाइलच्या नावातली चौदाच अक्षरं धरी, पुढची न सांगता टाकून देई. आमचं मशीन लांब नावं बिनतक्रार घेई, तरी बाईंची नावं आखूडच. एक अक्षर आणि पुढे नंबर. "आपल्या मशीनवर चाललं म्हणजे काही चाललं नाही. माहेरी कोणीही नांदतं," हे त्यांचं आवडतं वाक्य.

माझ्याकडे तेव्हा राणे होते. देवगडकडचे, असल्फ्याच्या टेकडीवर राहायचे. घाटकोपरच्या पुढे एका इंजिनिअरिंग कारखान्यात एकवीस वर्षं ओतकामाच्या खात्यात होते. तो कारखाना बंद पडला आणि राणे माझ्याकडे चहा करायला, छापखान्यातून कागद आणायला, प्रिंटरला कागद लावायला लागले. वितळलेलं लोखंड ओतणारा माणूस भोकाभोकांच्या कागदाच्या कडा फाडत बसलेला बघवत नसे. ते स्वतः काही बोलत नसत. फक्त बाईंना विचारत, "बाय, कारखानो परत सुरू झालो तर म्हाताऱ्यांका घेतीत?" बाई म्हणत, "राणे, मी मशीन जाणते. मालक लोक नाही जाणत."

कारखाना खरोखर सुरू व्हायचं ठरलं. निम्मीच माणसं घ्यायची, नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे, खात्याखात्याची यादी करून. युनियन आणि मालक यांचा एकमेकांच्या कारकुनांवर विश्वास नव्हता, म्हणून यादी मशीनने लावायची असं दोघांनी मान्य केलं. यादीवर दोघांच्या सह्या होणार, ती गेटवर लागणार, आणि ज्याचं नाव त्यात त्यालाच परत काम. हे काम मी आणलं. किती जोडे झिजवून आणलं ते माझं मला ठाऊक. एकवीस वर्षांचे राणे यादीत वरच येणार, हे सांगायला मशीनही लागत नव्हतं. राण्यांनी त्या आठवड्यात सगळ्यांना दोनदोनदा चहा पाजला.

आता चुकीकडे येतो.

कारखान्याचा पर्सोनेल ऑफिसर एक दिवस गाळ्यात आला. पडद्यावर बाईंची ती आखूड नावं बघून म्हणाला, "यात आमचं नाव कुठे आहे? आमची यादी दुसऱ्या कोणाच्यात मिसळली तर?" मला त्या कारखान्याचं पुढचं सगळं काम हवं होतं. बाईंचे वडील इस्पितळात होते, त्या चार दिवस रजेवर होत्या. मी आमचा ऑपरेटर नाईक याला सांगितलं, "कच्च्या फायलींना कारखान्याचं पूर्ण नाव घाल, नंबर काय तो शेवटी राहू दे." नाईकने घातलं. आमच्या मशीनवर सगळं ठीक चाललं. ऑफिसर खूश झाला. मीही झालो.

दुसऱ्याच दिवशी आमचं मशीन बसलं. यादी द्यायला एक दिवस उरला होता. मी मरोळच्या एका ओळखीच्या गाळ्यात दुसऱ्या कंपनीचं मशीन दुपारपुरतं भाड्याने घेतलं, नावं भरलेली टेप आणि नाईक यांना घेऊन गेलो. वेळ वाचवायला दोन टर्मिनलांवरून दोन खात्यांच्या याद्या एकदम लावायला सांगितल्या. एकीकडे ओतकाम, दुसरीकडे रंगकाम. दोन मिनिटांत नाईक वळून म्हणाला, "साहेब, रंगकामाची अडली. कप्पा आधीच घेतलेला आहे म्हणतेय."

"कोणी घेतलाय? इथे आपल्याशिवाय कोणी आहे का?"

"नाही."

"मग थांबायची ती ओळ काढ आणि चालव."

"बाईंना फोन करू का एकदा?"

"बाईंचा बाप इस्पितळात आहे रे! डोकं आहे की नाही तुला? काढ म्हटलं ना!"

त्याने काढली. ते मशीन चौदा अक्षरंवालं होतं. कारखान्याच्या लांबलचक नावानेच चौदा अक्षरं भरली आणि मागचा नंबर गळून गेला. दोन्ही कामांचा कप्पा एकच झाला. स्क्रिप्ट आम्हाला तेच सांगत होती. रंगकामाची यादी छोटी, ती आधी संपली. संपल्यावर तिने बाईंच्या पहिल्या ओळीप्रमाणे मागचा केर काढला. त्या केरात ओतकामाची अर्धवट लागलेली यादी होती. दुसऱ्या टर्मिनलवर ओतकामाचं काम तसंच पुढे गेलं आणि हाताला लागली तेवढी नावं छापून मोकळं झालं. कुठल्या खात्यात किती माणसं, हे कोणी मोजलं नाही. मशीनची यादी कोण मोजतो?

यादीवर सह्या झाल्या. सोमवारी गेटवर लागली. राणे इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच गेले, दुपारी परत आले, आणि शर्ट न बदलता प्रिंटरपाशी बसले.

"काय झालं राणे?"

"नाय ओ शेठ."

"नीट बघितलंत का?"

"तीनदा बघितलंय. जाधव माझ्या मागून सात वर्षांनी लागलो, तेचा नाव आसा." मग म्हणाले, "मशीनान लावल्यानी म्हणजे बरोबरच असतली."

बाई त्याच दिवशी रजेवरून परत आल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं, पर्स टेबलावर ठेवली आणि नाईककडे मरोळला चालवलेल्या स्क्रिप्टचा कागद मागितला. पेन्सिलीने त्या नावातली अक्षरं मोजत गेल्या आणि चौदाव्या अक्षराखाली त्यांनी एक रेघ मारली. मग एकेक ओळ वाचत कागदावरून खाली गेल्या.

"थांबायची ओळ कोणी काढली?"

नाईक माझ्याकडे बघू लागला. मी म्हणालो, "मी काढायला लावली."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी दुप्पट ओरडलो असतो आणि प्रकरण तिथे संपलं असतं. त्या म्हणाल्या, "किती नावं गेली ते बघू." मशीन दुरुस्त झालं होतं. ओतकामाची यादी पुन्हा लावली. अडतीस नावं गेली होती. तिसरं राण्यांचं.

मी त्यांना माझा बेत सांगितला. ऑफिसरला दोन-चार दिवसांत बाहेर गाठायचं, पुढचं एखादं काम फुकट करून देतो म्हणायचं, 'एक पान छापायचं राहिलं होतं' म्हणून ते पान मागून गुपचूप जोडायला लावायचं. अशा गोष्टी मी आयुष्यभर केल्या आहेत. माणूस नरम कधी होतो ते मला कळतं.

"भरती परवापासून आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणून काय उद्या जाऊन पाय धरू? गरज दिसली की भाव पडतो, बाई."

"अडतीस माणसं आहेत, साहेब."

"मग मी काय त्यांच्या विरुद्ध बोलतोय का? मलाच शिकवा आता!"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. सरळ कारखान्यात गेल्या. आमच्या लेटरहेडवर त्यांनी पत्र लिहून नेलं होतं. त्यात लिहिलं होतं की ओतकाम खात्याच्या यादीत माझ्या प्रोग्राममुळे चूक झाली आहे, सोबत दुरुस्त यादी जोडली आहे. खाली त्यांची सही. मला विचारलं नाही. तीन तास बाकावर बसल्या, पत्राच्या नकलेवर पोच घेतली आणि परत आल्या.

"काय म्हणाला?"

"सही झालेली यादी उघडता येत नाही म्हणाला. युनियनच्या माणसाकडेही गेले. तो म्हणाला, बाई, एक पान उघडलं तर सगळीच उघडावी लागतील, मग कारखानाच उघडायचा नाही."

मी त्यांना सगळ्यांदेखत काय काय बोललो ते लिहीत नाही. माझा गाळा, माझं लेटरहेड, माझं गिऱ्हाईक. पत्र फायलीला लागलं आणि आमचं काम बंद झालं. वर ओतकाम महिनाभरात बाहेर ठेकेदाराकडे गेलं. यादीत माणसंच कमी होती, त्यांना ते सोपं झालं. मी दोन दिवस मागत होतो. दोन दिवसांत ते पान मी आत घातलं असतं. हा माझा राग आहे.

याच्याविरुद्धही एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. पुढे तो ऑफिसर मला अंधेरीला एका लग्नात भेटला. विडा लावताना म्हणाला, "तुमच्या यादीत ओतकामाची नावं कमी आली ना, तेव्हाच आमच्या लक्षात आलं होतं. आम्ही म्हटलं, राहू द्या, बरंच झालं." तेव्हा माझ्या दोन दिवसांचं काय झालं असतं, ते वाचणाऱ्याने ठरवावं. राग गेला नाही तो नाहीच.

कारखान्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी बाई राण्यांच्या समोर स्टूल ओढून बसल्या. "राणे, तुमचं नाव यादीत तिसरं होतं. ते आमच्या कामातल्या चुकीने गेलं. मी जाऊन सांगून आले. ते ऐकत नाहीत."

राण्यांनी हातातल्या कागदाची कड फाडून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बरा केलात सांगितलात तां. मी दोन दिवस देवाक शिव्या घालतंय."

महिन्याने बाईंनी राजीनामा दिला. वडील घरी आले होते, त्यांचं करायला माणूस हवं, असं कारण लिहिलं. मी दीडपट पगार बोललो. मग अर्धा दिवस या म्हणालो. मग घरी टर्मिनल बसवून देतो म्हणालो, आणि त्या काळात ते किती कठीण होतं ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. त्या म्हणाल्या, "साहेब, मी भाव वाढवत नाहीये. मला आता लिहिताना हात थांबतो. पहिलीच ओळ लिहवत नाही."

"तुमच्या ओळीत चूक नव्हती."

"नव्हती. म्हणूनच."

दोन वर्षांनी त्यांची तब्येत बिघडल्याचं नाईककडून कळलं, म्हणून मुलुंडला गेलो. वडील गेले होते. बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, अंगावर त्यांचाच विणलेला स्वेटर. फारच बारीक झाल्या होत्या. त्यांनी शेजारणीला चहा टाकायला सांगितला आणि नाईकची, मशीनची, राण्यांची चौकशी केली. मी खुर्चीत नीट बसण्याआधीच भांडायला सुरुवात केली. म्हणालो, "पत्रात 'माझ्या प्रोग्राममुळे' असं का लिहिलंत? ओळ मी काढायला लावली होती. राण्यांनाही तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर त्यांना कामावर घेतलं असतं का?"

"नाही."

"मग? ते पन्नाशी ओलांडलेले. दुसरीकडे कोण ठेवणार होतं? तुमच्याकडेच राहायचं होतं त्यांना. रोज ज्याच्या हाताखाली काम करायचं, त्याच्याबद्दल मनात ते घेऊन कसं राहायचं?"

"मला विचारायचं होतं तुम्ही."

"तुम्ही घासाघीस केली असती," बाई म्हणाल्या आणि हसल्या. हसताना त्यांना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

मी परत येताना ठरवलं की राण्यांना सांगायचं. त्या आठवड्यात सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात कामं होती. मग नाईक सकाळी येऊन म्हणाला की बाई गेल्या. आम्ही दोघं मुलुंडला जाऊन आलो. परत आल्यावर मी राण्यांना माझ्या टेबलापाशी बोलावलं. गाळ्यात दुसरं कोणी नव्हतं.

"राणे, आपल्या बाई गेल्या."

राण्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"खरी बाय होती शेठ," ते म्हणाले. "माझी नोकरी तिच्या हातसून गेली, खरी गोष्ट. पण तोंडार येऊन सांगितल्यान. आपली चूक आजकाल कोण सांगता?"

मी म्हणालो, "कोणी नाही."